पंप बदलायचाय, पण आधी तो गेलाय का ते बघा

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की गाडीचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप, घरी बदलता येतो, आणि मग पत्रांची रांगच लागली. वाचून असं वाटलं की काही जणांचा पंप ठणठणीत आहे आणि ते उगाच पाना हातात घेऊन बसलेत, आणि काही जणांचा खरंच गेलाय पण त्यांनी तो घरी उघडू नये. म्हणून यावेळी सगळं पान पंपालाच दिलंय.

प्रश्न : काका, रोज सकाळी गाडीखाली पुढच्या बाजूला हिरवट थेंब दिसतात, बेल्ट असतो त्या साईडला. टाकीतलं कूलंट आठवड्याला बोटभर कमी होतं. मित्र म्हणतो पंप गेला, बदलून टाक. एवढ्यावरून बदलायचा का?

उत्तर : नाही हो, एवढ्यावरून नाही. थेंब जिथे पडतो तिथेच गळत असेल असं नसतं, पाणी इंजिनाच्या अंगावरून घरंगळत कुठल्या कुठे जातं आणि बेल्टवर पडलं तर बेल्ट ते चहूकडे उडवतो. खाली बघू नका, वर बघा. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या आणि इंजिनावरची सगळ्यात वरची ओली जागा शोधा. बऱ्याचदा पाईपची क्लिप सैल झालेली असते, नाहीतर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाचं पॅकिंग गेलेलं असतं, नाहीतर रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला जोडावर चीर असते, आणि बिचारा पंप शेजारी असल्यामुळे नावं त्याला ठेवली जातात.

पंपाचा स्वतःचा पुरावा एकाच जागी मिळतो. पंपाच्या अंगावर, बहुतेक खालच्या बाजूला, काडीपेटीची काडी जेमतेम जाईल असं एक भोक असतं, त्याला वीप होल म्हणतात. आत एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला बेअरिंग आणि मधे सील. सील झिजलं की पाझरलेलं पाणी बेअरिंगमधे न शिरता या भोकातून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे नुसता वाळलेला, मिठासारखा पांढरट-हिरवट डाग असेल तर पुसून टाका आणि आठवडाभराने परत बघा, थोडं पाझरणं चालतं. पण पुसल्यावर परत ओलं झालं, किंवा भोकाखाली ओघळ दिसला, तर मित्र बरोबर आहे. आणि हो, ते भोक एपॉक्सी लावून बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. गळती थांबते, मग पाणी बेअरिंगमधे जातं, मग बेअरिंग जाम होतं आणि बेल्टही बरोबर घेऊन जातं.

थेंब कूलंटचाच आहे ना ते बोटाने बघा, चिकट-बुळबुळीत लागतो. एसीचं पाणी साधं पाण्यासारखं असतं. चव घेऊन बघू नका, हे लिहावं लागतंय कारण एका पत्रात "गोड लागलं" असं लिहिलंय! कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल गोडच असतं आणि विषारी असतं. म्हणून तर कुत्री-मांजरं ते चाटतात आणि जीव गमावतात, जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन टाका.

प्रश्न : गाडी सुरू केली की पुढून घरघर-चरचर असा आवाज येतो, रेस दिली की वाढतो. पाणी अजिबात कमी होत नाही. हा पंपच ना?

उत्तर : असेलही, पण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, बेल्टला वळण देणारा आयडलर, एसीचा कॉम्प्रेसर यांचीही बेअरिंगं असाच सूर लावतात. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, बाहेरचा बेल्ट काढा आणि एकेक पुली हाताने फिरवा. चांगली पुली गुळगुळीत फिरते, गेलेली आतून खरखरते, जणू आत वाळूचे कण आहेत. मग पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर, वर-खाली हलवा. हाताला खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला की पंप संपला. (पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या झाकणाआडच्या दातेरी बेल्टवर असेल तर हे करायला जाऊ नका, तो विषय पुढे आहे.) आणि बेल्ट नुकताच कोणी बदलला असेल तर तो जास्त ताणलाय का तेही बघा, जास्तीचा ताण बेअरिंग खातो.

प्रश्न : दादा, मी ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड स्वतःच बदलते. पंप गळतोय हे नक्की झालंय, त्या भोकातून धारच लागलीये. बाहेरच्या बेल्टवरचा पंप आहे. स्टेप्स पुस्तकात आहेत, त्या नकोत. कुठे फसायला होतं तेवढं सांगा.

उत्तर : ताई, प्रश्न मस्त विचारलात, कारण पंप म्हणजे पाच-सहा बोल्ट आणि एक पॅकिंग, फसवतं ते सगळं आजूबाजूचं. एक आख्खा दिवस मोकळा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागणार असेल तर सुरुवातच करू नका.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम असताना कॅप उघडायची नाही, आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे उकळत नसतं, कॅप सैल झाली की क्षणात त्याची वाफ होते आणि ती सरळ तोंडावर येते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा फॅन चावी बंद असतानाही आपोआप सुरू होतो आणि तुमची बोटं तिथेच असतात. गाडी उचलायची असेल तर जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा.

पाणी काढायचा रेडिएटरखालचा कॉक प्लास्टिकचा असतो आणि जुना झाला की काचेसारखा तुटतो. घट्ट वाटला तर जोर लावू नका, खालचा मोठा पाईप काढा, फक्त चार-पाच लिटर पाणी एकदम येतं म्हणून पसरट टब आधी खाली सरकवून ठेवा. पाईप चिकटलेला असला तर ओढू नका, आधी पिळा. रेडिएटरचं तोंड प्लास्टिकचं असतं, ओढाताणीत तेच मोडतं. पाईप बदलायचाच असेल तर ब्लेडने उभा चिरून काढा, भांडण मिटतं.

आता बेल्ट. तो काढायच्या आधी, परत सांगतो आधी, पंपाच्या पुलीचे बोल्ट सैल करून घ्या. बेल्ट ताणलेला असतो तोवर पुली धरून ठेवतो, एकदा बेल्ट काढला की पाना फिरवला की पुली पण पान्याबरोबर फिरते आणि तुम्ही नुसत्या बघत बसता. बेल्ट कुठून कुठे गेलाय त्याचा फोटो काढा, लक्षात राहील असं वाटतं पण राहत नाही.

बोल्टचं मात्र मी स्वतः भोगलंय. पहिला पंप बदलला तेव्हा सगळे बोल्ट एका डब्यात टाकले, दिसायला सारखेच होते, डोकं १० मिलिमीटरचंच. बसवताना एक बोल्ट आत जाता जाता घट्ट झाला, मला वाटलं आट्यात घाण असेल, म्हणून अजून पाव फेरा दिला आणि टक् असा बारीक आवाज आला. तो बोल्ट शेजारच्यापेक्षा सहा-सात मिलिमीटर लांब होता, भोकाच्या तळाला टेकला होता आणि मी अॅल्युमिनियमला चीर पाडली होती. तेव्हापासून पुठ्ठ्यावर पंपाची बाह्यरेषा काढतो, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून त्यात खोचतो. फुकटचं काम आहे, पण मी ते कधीच चुकवत नाही. बोल्ट काढताना एखाद्याच्या आट्यातून पाणी आलं तर त्या भोकावर पुठ्ठ्यावर खूण करा, तो बोल्ट सरळ पाण्याच्या पोटात जातो, बसवताना त्याला थ्रेड सीलंट लागतं.

पंप चिकटून बसला असेल तर मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. नका. त्या सपाट जागेवर एक ओरखडा पडला तर नवीन पंपही तिथूनच गळणार. लाकडाचा ठोकळा ठेवून बाजूने हलके ठोके द्या, सुटतो, आणि सुटला की इंजिनात राहिलेलं आणखी थोडं पाणी हमखास हातावर येतं. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, भोकात फडकं कोंबून ठेवा म्हणजे कचरा आत जाणार नाही. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नका, त्या अॅल्युमिनियमही खातात आणि त्यांची पूड ऑईलमधे गेली तर इंजिनाची बेअरिंगं जातात. शेवटी नख फिरवून बघा, कुठेही अडकता कामा नये.

नवीन पंप बसवायच्या आधी जुन्याशेजारी ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. भोकं जुळतात का, दांड्याची उंची तीच आहे का, आणि आतल्या पंख्याची पाती त्याच दिशेला वळलेली आहेत का. एकाच इंजिनाच्या दोन प्रकारांत पंप उलटसुलट फिरणारे असू शकतात, कारण काही ठिकाणी बेल्ट आतल्या बाजूने पुली फिरवतो तर काही ठिकाणी पाठीने. चुकीचा पंप बोल्टला बोल्ट बसतो, गळत नाही, आवाज करत नाही, फक्त गाडी तापते आणि माणूस वेडा होतो.

पॅकिंगला सरसकट सिलिकॉन फासायची सवय आपल्याकडच्या हौशी मंडळींत फार. रबरी ओ-रिंग असेल तर तिला सीलंटही नको आणि ग्रीसही नको, थोडं कूलंट लावून बसवा. कंपनीने नुसतं सीलंटच सांगितलं असेल तर दोन-तीन मिलिमीटरची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. जास्त लावलं तर ते आत पिळून निघतं आणि तुकडे हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग समोरासमोरचे धरून दोन टप्प्यांत आवळा. १० च्या डोक्याच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर एवढा आवळायचा जोर पुरे असतो, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. १२ किंवा १३ च्याला २० ते २५. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरा. टॉर्क पाना (असा जोर मोजून आवळायचा) मागून आणा पण आणा, अॅल्युमिनियममधले आटे गेले की एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

प्रश्न : माझा पंप टायमिंग बेल्टवर आहे. बेल्ट अजून चांगला दिसतो, मधेच बदलायचा म्हणजे खर्च वाया. फक्त पंप बदलून तोच बेल्ट परत चढवला तर? आणि हे घरी करू का?

उत्तर : बेल्ट चांगला "दिसतो" यावर जाऊ नका. टायमिंग बेल्ट वरून छान दिसत असताना आतल्या दोऱ्या थकलेल्या असतात, आणि गळक्या पंपाचं कूलंट त्याच्यावर पडलं असेल तर त्याचा भरवसा संपलाच. पंप काढायचा म्हणजे बेल्ट काढायचाच आहे, मजुरी तीच. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप सगळं एकदमच बदला, यांचा एकत्र सेट मिळतो. उलट बाजूनेही तेच, कोणी बेल्ट बदलताना पंप जुनाच ठेवूया म्हणालं तर नाही म्हणा. पुढच्या वर्षी पंप गेला तर सगळं परत उघडायचं.

घरी करू का, तर तुम्ही पूर्वी कधी टायमिंग केलेलं नसेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, बेल्ट दोन-चार दात चुकला तरी पिस्टन वॉल्व्हला धडकतो आणि वॉल्व्ह वाकतात, मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. ज्यांनी केलेलं आहे त्यांना एकच आठवण करून देतो. खुणा जुळवून बेल्ट चढवला, टेन्शनर लावला की क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, इंजिन फिरतं त्याच दिशेने, आणि खुणा परत बघा. दोन फेरे अशासाठी की क्रँकचे दोन होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो, सगळं मूळ जागी तेव्हाच येतं. फिरवताना मधेच कडक लागलं तर थांबा, जोर लावू नका, काहीतरी कशाला तरी टेकतंय. स्टार्टर मारून बघणं हा तपासायचा प्रकार नाही.

प्रश्न : स्वतः पंप बदलला, एक थेंबसुद्धा गळत नाही, लई खूश होतो. पण आता तापमानाचा काटा वर जातो, आणि हीटर लावला तर थंड हवा येते. नवीन पंप खराब निघाला का?

उत्तर : पंपाला शिव्या घालायच्या आधी आतली हवा काढा. पाणी गळून गेल्यावर आत हवा भरलेली असते, वरून कूलंट ओतलं म्हणून ती सगळी बाहेर येत नाही, उंच जागी फुगा होऊन बसते. हीटर ही त्यातली एक उंच जागा. पंप पाणी ढकलू शकतो, हवा नाही, म्हणून काटा वर आणि हवा थंड, ही जोडी एकत्र दिसली की पहिला संशय एअर लॉकवर.

काटा वर गेलाय तर आधी गाडी बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा म्हणजे कॅप सगळ्यात उंच येते, हीटर फुल गरमवर ठेवा, थर्मोस्टॅटजवळ हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून हळूहळू कूलंट ओता, स्क्रूतून बुडबुड्याशिवाय सलग पाणी यायला लागलं की बंद करा. पुस्तकात तुमच्या गाडीला कॅप उघडी ठेवून इंजिन चालू ठेवायला सांगितलं असेल तर इंजिन आयडलवर सुरू करा आणि मोठे पाईप हाताने दाबत रहा, पाईप हाताला भाजण्याइतके गरम व्हायच्या आत. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते, घाबरू नका, थोडं अजून घाला, मग कॅप लावा आणि फॅन एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. वरचा-खालचा दोन्ही पाईप गरम झाले म्हणजे पाणी फिरतंय. रात्रभर गार करून सकाळी पातळी परत बघा, बहुतेकदा थोडी उतरलेली असते. पहिले काही दिवस एक बाटली गाडीत ठेवा.

एवढं करूनही तापत असेल, टाकीत बुडबुडे येतच राहत असतील, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात पाईप दगडासारखा टणक होत असेल, तर हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. ते कदाचित पंप गळत असताना तुम्ही "जाऊन येऊ एवढंच" म्हणून गाडी तापत तापत चालवलीत तेव्हाच गेलं. असं असेल तर गाडी टो करून न्या, आता चालवू नका.

प्रश्न : कूलंट महाग, नुसतं पाणी घातलं तर काय होतं? आणि माझ्याकडे गुलाबी शिल्लक आहे, गाडीत हिरवं आहे, मिसळू का?

उत्तर : नुसतं पाणी घालून गाडी चालते, म्हणूनच लोक घालतात. कूलंटमधे गंज रोखणारी रसायनं असतात, आणि पंपाच्या सीलची दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांवर फिरतात त्यांच्यात जो पातळ ओलावा राहतो तो कूलंटचाच. सील कोरडं पडलं किंवा त्याला क्षार आलेलं पाणी मिळालं की ते झिजतं. नळाच्या पाण्यातले क्षार आत दगडासारखे साठतात ते वेगळंच. शिवाय अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि कॅपच्या दाबाखाली १२५ ते १३० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. निव्वळ कूलंट घातलं तर अजून चांगलं असंही नाही, उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड घ्या.

रंगावर विश्वास ठेवू नका, रंग म्हणजे नुसता रंग, कंपनीगणिक वेगळा. बाटलीच्या मागे लिहिलेलं स्पेसिफिकेशन गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. न जुळणारी दोन कूलंट मिसळली की एकमेकांची रसायनं निकामी करतात, कधी चिखलासारखा गाळ होतो. पंप बदलताना सगळं निघतंच आहे तर धुऊन एकच भरा.

प्रश्न : माझी हायब्रिड आहे. पंपाला बेल्टच दिसत नाही, मग फिरतो कशावर?

उत्तर : विजेवर. टोयोटा प्रियसच्या २००९ मधे आलेल्या तिसऱ्या पिढीपासून तिच्या इंजिनाचा पंप इलेक्ट्रिकच आहे, बेल्टच नाही. असे पंप कुरकुरत नाहीत, गळतीही कमी, सरळ बंद पडतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हवा काढायलाही बऱ्याचदा स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, आणि नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, वायरी दिसल्या की तिथे हात घालायचा नाही. ही गाडी गॅरेजला द्या.

प्रश्न : नवीन पंप बसवून अर्धा तास झाला, त्या भोकातून दोन थेंब आले. उघडू का परत?

उत्तर : थांबा जरा. नवीन सीलची तोंडं एकमेकांवर बसेपर्यंत सुरुवातीला थोडं पाझरू शकतं. पुसा, गाडी नीट गरम होईपर्यंत चालवा, गार झाल्यावर परत बघा. कोरडं असेल तर झालं. ओलंच असेल तर पंप बदलून मागा, आणि नव्या पंपाचा खोका अजून फेकला नसेल तर बरं.